हू, हूम, विच की दॅट? इंग्रजीतील संबंधी सर्वनाम अचूक निवडण्याची पद्धत

‘ज्याला ताप आला आहे तो मुलगा’ हे इंग्रजीत लिहिताना अनेक जण ‘द बॉय हूम हॅज अ फीवर’ असे लिहून जातात. ‘ज्याला’ या शब्दातील ‘ला’ प्रत्यय त्यांना ‘हूम’कडे नेतो आणि वाक्य चुकते, कारण येथे ‘हू’ हवे. अशी चूक करणाऱ्यांना नियम ठाऊक नसतात असे नाही. माणसासाठी ‘हू’, वस्तूसाठी ‘विच’, मालकीसाठी ‘हूज’ हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. चूक होते ती क्रमामध्ये. आपण आधी मराठी वाक्यातील ‘जो, ज्याने, ज्याला, ज्याचा’ यांकडे पाहतो आणि त्यावरून इंग्रजी शब्द ठरवतो. वास्तविक तो ठरायला हवा इंग्रजी वाक्याच्या रचनेवरून, आणि त्यासाठी ती रचना निवडीच्या आधी तयार असली पाहिजे. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत. सुरुवातीला ते कागदावर करावेत आणि एकही गाळू नये.

पूर्वतयारी

निवडीला बसण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे साध्या सर्वनामांची रूपे. ‘ही, हिम, हिज’, ‘दे, देम, देअर’ आणि ‘इट, इट, इट्स’ यांत कर्ता कोणता, कर्म कोणते आणि मालकी दाखवणारे रूप कोणते, हे न अडखळता सांगता आले पाहिजे, कारण पुढची सगळी पारख या रूपांवर चालते. पारख करताना वाक्यातील व्यक्ती स्त्री असली तरी ‘ही, हिम, हिज’ हीच रूपे वापरा. ‘हर’ हे एकच रूप कर्मासाठीही येते आणि मालकीसाठीही येते, त्यामुळे त्यावरून उत्तर स्पष्ट मिळत नाही.

दुसरी गोष्ट ही की इंग्रजी संबंधी सर्वनामे लिंग आणि वचनानुसार बदलत नाहीत. मराठीत जो मुलगा, जी मुलगी, जे मूल, ज्या मुली अशी रूपे होतात. इंग्रजीत या सर्वांना एकच ‘हू’ लागतो. ‘मूल’ किंवा ‘बाळ’ मराठीत नपुंसकलिंगी आहे म्हणून हात ‘विच’कडे वळतो, तो वळू देऊ नका.

तिसरी गोष्ट वाक्याच्या सांध्याविषयी आहे. मराठीत ‘जो’ आला की मुख्य वाक्यात ‘तो’ येतो आणि दोहोंच्या मध्ये आपण स्वल्पविराम देतो. इंग्रजीत या ‘तो’ला जागा नाही. ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय कझिन’ हे वाक्य त्या ‘तो’मुळेच बिघडते. ‘द बॉय हू केम यस्टर्डे इज माय कझिन’ एवढेच लिहायचे.

टप्पा १ : मिश्र वाक्य मोडून दोन इंग्रजी वाक्ये करा

मराठी वाक्य घ्या : ‘ज्या मुलाला बक्षीस मिळाले, तो आमच्या शेजारी राहतो.’ याचे एकदम भाषांतर करू नका. आधी त्यातील दोन विधाने वेगवेगळ्या, पूर्ण इंग्रजी वाक्यांत लिहा.

मुख्य विधान : ‘द बॉय लिव्ह्ज नेक्स्ट डोअर.’
जोडविधान : ‘ही वन अ प्राइझ.’

दुसऱ्या वाक्यात नाम पुन्हा लिहायचे नाही. त्याच्या जागी सर्वनाम ठेवायचे. येथे ‘ही’ आले, म्हणजे मराठीतील ‘ला’ इंग्रजीत येता येताच नाहीसा झाला. हे वाक्य कागदावर प्रत्यक्ष लिहिले नसते, तर ‘ला’ शेवटपर्यंत मनात राहिला असता.

पडताळा : जोडविधान स्वतंत्रपणे वाचा. ते व्याकरणदृष्ट्या बरोबर नसेल, तर पुढे कोणतेही सर्वनाम घातले तरी वाक्य चुकणारच.

टप्पा २ : नाम माणसाचे आहे की वस्तूचे, ते ठरवा

माणूस असेल तर ‘हू’चे कुटुंब, वस्तू, विचार किंवा घटना असेल तर ‘विच’, आणि ‘दॅट’ बहुधा दोन्हींसाठी. बहुतेक वेळा येथे थांबण्याचे कारण नसते, मात्र काही नामांपाशी सावध राहावे लागते.

‘पीपल’ आणि ‘पोलीस’ यांना ‘हू’ लागतो. ‘द पीपल विच’ ही चूक अर्जांत आणि निबंधांत सर्रास आढळते. प्राण्यांसाठी सामान्यतः ‘विच’ किंवा ‘दॅट’ वापरतात. घरातला, नावाने ओळखला जाणारा कुत्रा असेल तर ‘हू’ चालतो. ‘कमिटी’, ‘टीम’, ‘गव्हर्नमेंट’ अशी समूहवाचक नामे एकसंध संस्था म्हणून वापरली असतील, तर ‘विच’ किंवा ‘दॅट’ आणि एकवचनी क्रियापद घ्या. त्यातील माणसे स्वतंत्रपणे डोळ्यांसमोर असतील, तर ‘हू’ आणि अनेकवचनी क्रियापद घ्या. दोन्ही रचना बरोबर आहेत, पण ‘द टीम हू हॅज’ अशी सरमिसळ टाळावी. परीक्षेत आणि कार्यालयीन पत्रात पहिला पर्याय अधिक सुरक्षित ठरतो.

टप्पा ३ : जोडविधानातील सर्वनामावरून रूप ठरवा

आता जोडविधानात कोणते सर्वनाम लिहिले आहे ते पाहा. नाम माणसाचे असताना ‘ही’ किंवा ‘दे’ असेल तर ‘हू’. ‘हिम’ किंवा ‘देम’ असेल तर ‘हूम’. ‘हिज’, ‘देअर’ किंवा ‘इट्स’ असेल तर ‘हूज’. ‘इट’ किंवा वस्तूंसाठी आलेले ‘दे’, ‘देम’ असेल तर ‘विच’. कर्ता आणि कर्म या दोन्ही स्थानी ‘इट’चे रूप एकच राहते, म्हणून ‘विच’ही बदलत नाही.

नियम एवढाच असला, तरी मराठी प्रत्यय येथेच सर्वाधिक दिशाभूल करतात. म्हणून पुढील जोड्या सावकाश वाचाव्यात.

‘ज्याने पत्र लिहिले’ : ‘ही रोट द लेटर’, म्हणून ‘हू’.
‘ज्याला पोहता येते’ : ‘ही कॅन स्विम’, म्हणून ‘हू’.
‘ज्याला दोन मुली आहेत’ : ‘ही हॅज टू डॉटर्स’, म्हणून ‘हू’.
‘ज्याच्याकडे चावी आहे’ : ‘ही हॅज द की’, म्हणून ‘हू’.
‘ज्याला मी काल पाहिले’ : ‘आय सॉ हिम यस्टर्डे’, म्हणून ‘हूम’.
‘ज्याचे वडील डॉक्टर आहेत’ : ‘हिज फादर इज अ डॉक्टर’, म्हणून ‘हूज’.

मराठीत ‘ज्याला’ तीनदा आले. इंग्रजीत दोनदा ‘हू’ आणि एकदाच ‘हूम’ आला. येणे, आवडणे, मिळणे, असणे, वाटणे अशा क्रियापदांबरोबर मराठीत ज्या व्यक्तीला ‘ला’ लागतो, ती व्यक्ती इंग्रजीत बहुधा कर्ता होते, आणि त्या ‘ला’चा ‘हूम’शी काहीही संबंध उरत नाही.

कधी कधी एकाच मराठी वाक्याची दोन जोडविधाने होऊ शकतात. ‘ज्याचा मोबाइल हरवला’ याचे ‘हिज मोबाइल वॉज लॉस्ट’ केले तर ‘हूज’ येईल आणि ‘ही लॉस्ट हिज मोबाइल’ केले तर ‘हू’ येईल. दोन्ही बरोबर आहेत. यावरूनच दिसते की निवड मराठी शब्दाची नसून आपण बांधलेल्या इंग्रजी वाक्याची आहे.

बोलण्यात आणि अनौपचारिक लेखनात ‘हूम’च्या जागी ‘हू’ सर्वत्र चालतो. औपचारिक लेखनात आणि व्याकरणाच्या परीक्षेत मात्र ‘हूम’ लिहावा.

इशारा : ‘आय थिंक’, ‘ही सेड’, ‘वी बिलीव्ह’ असा तुकडा मध्ये आला की चांगले लिहिणारेही फसतात. ‘द मॅन हू आय थॉट वॉज द डॉक्टर’ हे बरोबर आहे आणि ‘हूम आय थॉट वॉज’ हे चूक आहे. ‘आय थॉट’पुरते पाहिले तर पुढे कर्म हवे असे वाटते, पण पूर्ण जोडविधान ‘आय थॉट ही वॉज द डॉक्टर’ असे आहे. तेथे ‘हिम वॉज’ कोणीही लिहिणार नाही. मधला तुकडा बोटाने झाकून वाचल्यास उत्तर लगेच मिळते. हीच कसोटी ‘हूएव्हर’लाही लावा : ‘गिव्ह द फॉर्म टू हूएव्हर कम्स फर्स्ट’ या वाक्यात आधी ‘टू’ असूनही ‘हूएव्हर’च येतो, कारण तो ‘कम्स’चा कर्ता आहे.

‘हूज’ फक्त माणसांना लागतो हा समज सोडून द्यावा. ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’ हे शुद्ध इंग्रजी आहे. येथे ‘द रूफ ऑफ विच’ लिहिणे चूक नाही, परंतु वाक्य विनाकारण जड होते.

टप्पा ४ : प्रिपोझिशन, स्थळ आणि काळ तपासा

जोडविधानातील सर्वनामाच्या आधी ‘इन’, ‘ऑन’, ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’ असे काही आहे का, ते पाहा. असल्यास ते हरवता कामा नये, आणि नसल्यास मराठीतून उचलून आणता कामा नये.

‘ज्याची मी वाट पाहत आहे तो माणूस’ या मराठीत ‘ची’ आहे, म्हणून काही जण ‘हूज’ लिहितात. जोडविधान मात्र ‘आय ॲम वेटिंग फॉर हिम’ असे होते. त्यामुळे ‘द मॅन फॉर हूम आय ॲम वेटिंग’ किंवा ‘द मॅन आय ॲम वेटिंग फॉर’. ‘जे गाणे मी ऐकत होतो’ यात मराठीला प्रत्ययच नाही, पण इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टू’ लागतो, म्हणून ‘द साँग आय वॉज लिसनिंग टू’. शेवटचा ‘टू’ गाळणे ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. ‘ज्याच्याशी तिने लग्न केले’ याचे जोडविधान ‘शी मॅरीड हिम’ आहे, म्हणून ‘द मॅन हूम शी मॅरीड’. ‘विथ हूम’ नाही. ‘ज्या विषयावर आपण चर्चा केली’ याचे ‘वी डिस्कस्ड इट’ होते, म्हणून ‘द सब्जेक्ट विच वी डिस्कस्ड’. ‘अबाउट विच’ नाही. ‘मॅरी’, ‘डिस्कस’, ‘एंटर’, ‘रीच’, ‘विझिट’, ‘आन्सर’ ही क्रियापदे कर्म थेट घेतात. ही यादी वहीत लिहून ठेवावी, कारण ऐन वेळी ती आठवत नाही.

‘व्हेअर’चा प्रश्नही याच रीतीने सुटतो. नाम स्थळाचे आहे म्हणून ‘व्हेअर’ येत नाही. जोडविधानात ‘तेथे’ या अर्थाचा ‘देअर’ (मालकीचा ‘देअर’ नव्हे) बसत असेल तरच येतो. ‘आय स्टडीड देअर’ चालते, म्हणून ‘द स्कूल व्हेअर आय स्टडीड’. परंतु ‘ज्या शाळेने मला घडवले’ याचे ‘इट शेप्ड मी’ होते, तेव्हा ‘द स्कूल दॅट शेप्ड मी’. ‘ज्या शहराला मी भेट दिली’ याचे ‘आय विझिटेड इट’ होते, तेव्हा ‘द सिटी विच आय विझिटेड’. ‘व्हेन’ची पारख ‘देन’ने करा. ‘द डे व्हेन वी मेट’ बरोबर आहे, पण ‘जो दिवस मला नेहमी आठवतो’ यासाठी ‘द डे दॅट आय ऑल्वेज रिमेंबर’ हवे.

इशारा : ‘द हाउस व्हेअर आय लिव्ह इन’ असे कधीही लिहू नका. ‘व्हेअर’मध्ये ‘इन’ आलेलाच असतो. ‘व्हेअर आय लिव्ह’, ‘इन विच आय लिव्ह’ किंवा ‘विच आय लिव्ह इन’ यांपैकी एकच रचना निवडा.

इशारा : प्रिपोझिशनच्या लगेच पुढे ‘दॅट’ येत नाही आणि औपचारिक लेखनात ‘हू’ही येत नाही. ‘द चेअर ऑन दॅट ही सॅट’ चूक. ‘ऑन विच ही सॅट’ बरोबर. ‘दॅट ही सॅट ऑन’ हेही बरोबर. मात्र ‘लुक आफ्टर’सारख्या जोडक्रियापदांतला दुसरा शब्द क्रियापदापासून तोडून पुढे नेऊ नये : ‘द चाइल्ड हूम शी लुक्ड आफ्टर’ असेच राहू द्यावे.

टप्पा ५ : स्वल्पविराम आधी ठरवा, ‘दॅट’ नंतर

‘दॅट’ वापरावा की नाही, हे स्वल्पविराम ठरल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून हा टप्पा येथे ठेवला आहे. पुष्कळ जण तो सगळ्यात शेवटी, घाईने उरकतात.

जोडविधान झाकून मुख्य वाक्य वाचा. नेमक्या कोणाविषयी किंवा कशाविषयी बोलणे चालले आहे हे वाचकाला तरीही कळत असेल, तर जोडविधान ही अधिकची माहिती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत. कळत नसेल, तर जोडविधान ओळख पटवण्यासाठी आहे आणि एकही स्वल्पविराम नको.

‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन नाशिक, इज अ टीचर’ असे लिहिले, तर लिहिणाऱ्याला भाऊ एकच आहे असा अर्थ निघतो. तेच वाक्य स्वल्पविरामांशिवाय लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांतला नाशिकचा भाऊ शिक्षक आहे असे वाचले जाते. ‘जो-तो’ रचनेत मध्ये स्वल्पविराम देण्याची आपली सवय इंग्रजीत अर्थ बदलून टाकते, ती अशी. विशेषनामाच्या मागून येणारे जोडविधान जवळजवळ नेहमी स्वल्पविरामांत बसते : ‘कोल्हापूर, विच लाइज ऑन द पंचगंगा, ...’

आता नियम सोपा होतो. स्वल्पविराम असेल तर ‘दॅट’ चालत नाही. ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’ किंवा ‘विच’ घ्यावे लागते. स्वल्पविराम नसेल तर ‘हू’ किंवा ‘विच’च्या जागी ‘दॅट’ चालतो. ‘ऑल’, ‘एव्हरीथिंग’, ‘नथिंग’, ‘द ओन्ली’ आणि ‘द बेस्ट’सारखी रूपे यांच्या पुढे वस्तूंसाठी ‘दॅट’ घेणे उत्तम. माणसांसाठी तेथेही ‘हू’ चालतो. माणूस आणि वस्तू एकत्र आले असतील तर ‘दॅट’ : ‘द मेन अँड मशीन्स दॅट बिल्ट द डॅम’.

टप्पा ६ : वाक्ये जोडा आणि उरलेले काढून टाका

संबंधी सर्वनाम ज्या नामाविषयी आहे, त्याच्या शक्य तितके जवळ ठेवा. ‘अ मॅन वॉज वॉकिंग विथ अ डॉग हू वॉज वेअरिंग स्पेक्टॅकल्स’ या वाक्यात चष्मा कुत्र्याच्या डोळ्यांवर जातो.

त्यानंतर जोडविधानातील मूळ सर्वनाम खोडून टाका. ‘द बुक विच आय बॉट इट’ या चुकीत ‘इट’ मागे राहिले आहे. ‘विच’ त्याच ‘इट’च्या जागी आला आहे, म्हणून दोघे एकत्र राहू शकत नाहीत.

शेवटी क्रियापद पाहा. ते संबंधी सर्वनामाच्या मागच्या नामाप्रमाणे चालते. ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू सिंग वेल’ यात ‘हू’ हा ‘गर्ल्स’साठी आहे, म्हणून ‘सिंग’. ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू सिंग्ज वेल’ यात तो ‘वन’साठी आहे, म्हणून ‘सिंग्ज’. परीक्षेत विचारला जाणारा ‘इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल’ हा प्रकारही याच नियमात बसतो.

टप्पा ७ : सर्वनाम गाळता येईल का, ते पाहा

स्वल्पविराम नसेल आणि सर्वनाम कर्माच्या जागी असेल, तर ते गाळता येते : ‘द बुक आय बॉट’, ‘द मॅन शी मॅरीड’. कर्त्याच्या जागी असेल तर गाळू नये. ‘द मॅन केम यस्टर्डे इज माय अंकल’ हे वाक्य होत नाही.

तरीही राहून जाणाऱ्या दोन चुका

पहिली ‘व्हॉट’ची. ‘ऑल व्हॉट ही सेड’ आणि ‘एव्हरीथिंग व्हॉट यू नीड’ ही दोन्ही चूक आहेत. ‘व्हॉट’च्या पोटात नाम आधीच असते, म्हणून त्याच्या आधी दुसरे नाम किंवा ‘ऑल’ चालत नाही. मराठीत ‘जे’च्या सोबत नाम नसेल तर ‘व्हॉट’ घ्या : ‘तो जे बोलला ते खरे आहे’ म्हणजे ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’. नाम असेल तर ‘दॅट’ किंवा ‘विच’ : ‘तो जे शब्द बोलला’ म्हणजे ‘द वर्ड्‌स दॅट ही स्पोक’. मागच्या संपूर्ण वाक्याकडे निर्देश करायचा असेल, तर मात्र स्वल्पविराम देऊन ‘विच’ येतो : ‘ही पास्ड, विच प्लीज्ड हिज मदर’.

दुसरी चूक लेखनाची आहे. ‘हूज’ आणि ‘हू इज’चे आखूड रूप यांचा उच्चार एकच असल्याने लिहिताना घोटाळा होतो. ॲपॉस्ट्रॉफी असलेला शब्द ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ असा फोडून वाचता आला पाहिजे. तसा वाचता येत नसेल, तर मालकीचा, ॲपॉस्ट्रॉफी नसलेला शब्द लिहा.

एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

‘मी ज्या गावात वाढलो आणि ज्या गावाने मला इतके काही दिले, ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे.’

येथे तीन विधाने आहेत : ‘द व्हिलेज नाउ लाइज अंडर द वॉटर्स ऑफ अ डॅम’, ‘आय ग्रू अप देअर’ आणि ‘इट गेव्ह मी सो मच’. नाम एकच आहे आणि मराठी शब्दही दोन्हीकडे ‘ज्या गावा’पासूनच सुरू होतो. तरीही पहिल्या जोडविधानात ‘देअर’ असल्याने ‘व्हेअर’ आणि दुसऱ्यात कर्त्याच्या जागी ‘इट’ असल्याने ‘विच’ येतो. कोणते गाव हे जोडविधानांशिवाय कळत नाही, म्हणून स्वल्पविराम नाहीत. ‘विच’ कर्त्याच्या जागी आहे, म्हणून तो गाळता येणार नाही. मराठीतील ‘ते’ इंग्रजीत ‘इट’ होऊन परत येणार नाही, याकडेही लक्ष द्यायचे. तयार वाक्य असे : ‘द व्हिलेज व्हेअर आय ग्रू अप अँड विच गेव्ह मी सो मच नाउ लाइज अंडर द वॉटर्स ऑफ अ डॅम.’

याच वाक्यात गावाचे नाव आले, तर टप्पा ५ पुन्हा करावा लागेल : नावानंतर स्वल्पविराम येईल, ‘सो मच’नंतर दुसरा येईल, ‘व्हेअर’ आणि ‘विच’ आहेत तसेच राहतील, आणि ‘विच’च्या जागी ‘दॅट’ ठेवण्याची मुभा संपेल.